जगाच्या कानाकोपऱ्यातले अनोळखी चित्रपट सोलापुरात बसून कसे शोधावेत?

जुळे सोलापूर

नमस्कार. मी एका शाळेत गणित शिकवतो. गेली तीन-चार वर्षे रात्री जेवणानंतर एक चित्रपट, निदान अर्धा तरी, पाहण्याची सवय लागली आहे. सुरुवात हिंदी-इंग्रजीपासून झाली, मग कोरियन थरारपट आले, मग स्पॅनिश मालिका आल्या. पण आता असे लक्षात येते की मी जे पाहिले त्याचीच भावंडे मला पुन्हा पुन्हा दाखवली जातात. एकदा खुनाचा चित्रपट पाहिला की पुढचे सहा महिने समोर फक्त खूनच येतात. ‘जगातले सर्वोत्तम शंभर’ अशा याद्याही धुंडाळल्या, तर त्यांतही तीच तीस-चाळीस नावे क्रम बदलून येतात. सेनेगलमध्ये, आर्मेनियात, मंगोलियात चित्रपट बनतात एवढे ऐकून माहीत आहे, पण ज्या चित्रपटाचे नावच ठाऊक नाही तो शोधायचा कसा, हे मला उमगत नाही.

दुसरी अडचण आईची आहे. ती मराठी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते, पण इंग्रजी तिला येत नाही आणि सबटायटल सगळीकडे इंग्रजीच असतात. ती हौसेने शेजारी येऊन बसते, दोन-तीनदा “काय म्हणाला तो?” असे विचारते आणि दहा मिनिटांनी उठून जाते. मला ते बरे वाटत नाही.

पुण्याच्या महोत्सवाला जाण्याचा सल्ला कृपया देऊ नये. तो बहुतेक वर्षी जानेवारीत असतो, आणि गड्ड्याची यात्रा, पाहुणे व शाळेचे स्नेहसंमेलन यांतून तेव्हा बाहेर पडणे मला शक्य होत नाही.

निवृत्त ग्रंथपाल

आपला प्रश्न वाचून माझ्या टेबलासमोर येऊन “काहीतरी चांगले द्या” म्हणणारे वाचक आठवले. ग्रंथपालाला यापेक्षा अवघड मागणी दुसरी नाही. अशा वाचकाला मी लेखकाचे नाव कधी विचारले नाही. तुमचे काम काय, घरी शेती आहे का, लहानपण कुठे गेले, हे विचारत असे आणि त्यावरून कपाट ठरवत असे. चित्रपटांचेही तसेच करावे असे मी सुचवतो. देशाच्या नावाने शोधू नका, विषयाच्या नावाने शोधा. आणि विषय असा घ्या की जो तुम्हाला पुस्तकातून नव्हे तर हाताने माहीत आहे.

सोलापूरकराला पाण्याविषयी वेगळे सांगायला नको. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि त्या दिवशी घरातली सगळी कामे पाण्याच्या वेळेभोवती फिरतात. तो एकच शब्द हातात धरून मी जपानला पोहोचलो. कानेतो शिंदो या दिग्दर्शकाचा ‘नेकेड आयलंड’ हा 1960 सालचा कृष्णधवल चित्रपट आहे. एका लहानशा डोंगराळ बेटावर नवरा, बायको आणि दोन मुले राहतात. बेटावर गोडे पाणी नाही. ते दोघे होडी वल्हवत शेजारच्या बेटावर जातात, लाकडी बादल्या भरून आणतात, कावड खांद्यावर घेऊन उभा चढ चढतात आणि एकेका रोपाच्या मुळाशी ओगराळ्याने पाणी घालतात. दीड तासाचा हा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे संवादाविना आहे, त्यामुळे आपल्या आईंना सबटायटलची अडचण येणार नाही. 1961 साली मॉस्कोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ते वेळेवर मिळाले नसते तर पैशाअभावी शिंदोंची स्वतंत्र निर्मितीसंस्था बंद पडण्याच्या बेतात होती.

त्याच शब्दाने पुढे मी तुर्कस्तानात गेलो. मेतिन एर्कसान यांच्या ‘सुसुझ याझ’, म्हणजे ‘कोरडा उन्हाळा’, या चित्रपटात उस्मान नावाचा शेतकरी आपल्या जमिनीतला झरा अडवतो आणि खालच्या शेतकऱ्यांना पाणी देत नाही. विहिरीच्या पाळीवरून भावाभावांत कुऱ्हाडी निघालेल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला पुढचे काय सांगावे? 1964 साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला सुवर्ण अस्वल, म्हणजे तेथले सर्वोच्च पारितोषिक, मिळाले. तरीही अनेक दशके तो धड प्रतीत पाहायला मिळत नव्हता. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी 2007 साली ‘वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट’ सुरू केला, त्यातून त्याची खराब झालेली प्रत दुरुस्त झाली आणि तो पुन्हा लोकांसमोर आला. या प्रकल्पाची यादी आपण जरूर पाहा, कारण ज्या देशांना आपल्या जुन्या रिळांचा सांभाळ परवडत नाही तेथलेच चित्रपट तो मुख्यतः निवडतो. आपल्याकडचा उदय शंकर यांचा ‘कल्पना’ आणि ऋत्विक घटकांचा ‘तिताश एकटि नदीर नाम’ त्याच यादीत आहेत.

आपण गणिताचे शिक्षक आहात म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. 2022 साली सोळाशेहून अधिक जणांनी प्रत्येकी दहा नावे दिली. सगळे लोक पाहतात ती मतांची बेरीज, आणि बेरजेत एकट्यादुकट्याचे आवडते नाव बुडणारच. बेरीज बाजूला ठेवून सुट्या मतपत्रिका वाचा. त्या प्रसिद्ध झालेल्या आहेत. एखाद्याच्या दहा नावांपैकी चार आपल्याला आवडलेली असतील, तर उरलेल्या सहांपैकी जे नाव दुसऱ्या कोणीच घेतलेले नाही तेथून सुरुवात करावी. मी माझी वही अशीच भरली आहे.

याशिवाय ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी दरवर्षी ऐंशी-नव्वद देश प्रत्येकी एक चित्रपट पाठवतात. नामांकन पाचांनाच मिळते आणि बोलबाला त्यांचाच होतो. पण पाठवलेल्यांची मूळ यादी उघडपणे मिळते. ‘भूतान’ किंवा ‘जॉर्जिया’ असे लिहिलेल्या ओळी त्याच यादीत सापडतात.

गणवेशवाला, अक्कलकोट रोड

ग्रंथपालांचा सल्ला मला पूर्ण पटतो, कारण माझेही तसेच झाले, फक्त पाण्याऐवजी कापडाने. आमचा गणवेश शिवण्याचा व्यवसाय आहे. वडील त्याआधी गिरणीत होते.

‘कोरियन फिल्म अर्काइव्ह’ या सरकारी संस्थेने आपले जुने चित्रपट यूट्यूबवर इंग्रजी सबटायटलसह विनामूल्य ठेवले आहेत. तिथे मी किम की-यंग यांचा ‘द हाउसमेड’ हा 1960 सालचा चित्रपट पाहिला. भयपट म्हणून लावला होता, आणि तो तसा आहेही. पण नायक कापडगिरणीतल्या मुलींना संगीत शिकवणारा मास्तर निघाला आणि त्याची बायको नवे घर उभे करण्यासाठी दिवसरात्र शिलाई मशीनवर बसलेली दिसली. तिची पाठ कशी दुखत असेल हे मला चित्रपटातल्या जिन्यावरच्या भयाच्या प्रसंगांपेक्षा जास्त जाणवले. ज्यांना कोरियन थरारपट आवडतात त्यांनी त्यांचे मूळ पाहायचे असेल तर इथे पाहावे. मॉसफिल्म या रशियन स्टुडिओनेही आपले अनेक चित्रपट अशाच रीतीने खुले केलेले आहेत.

दुसरे नाव वांग बिंग या चिनी माहितीपटकाराचे. ‘वेस्ट ऑफ द ट्रॅक्स’ हा त्यांचा माहितीपट नऊ तासांच्या आसपास आहे. शेनयांग शहरातल्या थियेशी या जुन्या औद्योगिक भागातले कारखाने बंद पडत असताना हा माणूस एक छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन तेथे राहिला. कामगार विश्रांतीच्या खोलीत पत्ते खेळत आहेत, आंघोळ करत आहेत, पगार थकल्याचे एकमेकांना सांगत आहेत आणि मध्येच कोणीतरी येऊन कारखाना बंद होणार असल्याची बातमी देतो. वडिलांच्या गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा मी लहान होतो. घरात त्याविषयी कोणी काही बोलत नसे. ते न बोललेले मला या चित्रपटात पाहायला मिळाले. अर्थात मी तो नऊ रविवार घेऊन पाहिला, एका बैठकीत कोणी पाहत असेल तर त्याला माझा नमस्कार. याच दिग्दर्शकाचा ‘यूथ’ 2023 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. त्यात चीनमधल्या चिली गावी लहान मुलांचे कपडे शिवणारे तरुण कारागीर आहेत. पीसमागे दर वाढवून मागण्यासाठी ते मालकाशी जी घासाघीस करतात ती मी शब्दशः रोज ऐकतो, फरक इतकाच की माझी जागा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. चित्रपट पाहिल्यावर दोन दिवस मला कारागिरांच्या नजरेला नजर देणे जड गेले.

एक सावधगिरी सुचवतो. केवळ एका चित्रपटासाठी एखाद्या ओटीटीची वर्षभराची वर्गणी भरू नये. मी भरली, आणि दहा दिवसांत तो चित्रपट तेथून काढला गेला. प्रदर्शनाचे हक्क ठरावीक मुदतीचेच असतात हे मला तेव्हा कळले. एका महिन्याची वर्गणी घ्यावी, वहीत साठलेली नावे पाहून संपवावीत आणि थांबवावी.

डाळिंबवाला, सांगोला

वरच्या दोन्ही सदस्यांविषयी आदर ठेवून मी थोडा विरोध नोंदवतो. पाणीवाल्याने पाण्याचे चित्रपट पाहावेत आणि कापडवाल्याने कापडाचे, असे झाले तर जगभर फिरून आपण शेवटी आपल्याच अंगणात येऊन बसणार. ओटीटी खुनानंतर खून दाखवते म्हणून आपली तक्रार होती. पाण्यानंतर पाणी पाहण्यात मग वेगळे काय झाले?

माझा अनुभव सांगतो. सोव्हिएत काळातले दिग्दर्शक सेर्गेई पाराजानोव्ह यांच्या ‘द कलर ऑफ पॉमग्रॅनट्स’चे नाव मी कुठेतरी वाचले आणि नावात डाळिंब आहे एवढ्याच कारणाने तो लावला. आमची भगवा या वाणाच्या डाळिंबाची बाग आहे. मृग बहार धरायचा की हस्त बहार, तेल्या रोग कसा आटोक्यात ठेवायचा, फळ तडकू नये म्हणून पाणी कधी तोडायचे, यापलीकडे वर्षभर माझ्या डोक्यात दुसरे काही नसते. चित्रपटाच्या सुरुवातीलाच पांढऱ्या कापडावर तीन डाळिंबे ठेवलेली दिसतात आणि त्यांचा रस कापडात पसरत जातो. मला वाटले, चला, हे आपले आहे. पुढच्या पाच मिनिटांत माझी पुरती फजिती झाली. तेथे गोष्ट अशी नाहीच. अठराव्या शतकातल्या सायात-नोव्हा या आर्मेनियन कवीचे आयुष्य आहे म्हणतात, पण कोणी चालत नाही, कोणी भांडत नाही. माणसे चित्रासारखी समोर उभी राहतात, हातात एखादी वस्तू धरतात आणि आपल्याकडे पाहतात. रंगवलेली ओली लोकर कढईतून निघून धातूच्या ताटांवर पडते. मठाच्या छपरावर भिजलेली पुस्तके वाळत घातलेली आहेत आणि वाऱ्याने त्यांची पाने फडफडत आहेत, अक्षरशः शेकडो पुस्तके.

मी तो बंद केला. दुसऱ्या दिवशी बागेत छाटणी चालू असताना ती पुस्तकेच डोळ्यांपुढे येत राहिली, म्हणून रात्री पुन्हा लावला. आजवर चार वेळा पाहिला आहे आणि अजूनही तो मला कळला असे मी म्हणणार नाही. सोव्हिएत अधिकाऱ्यांनाही तो कळला नव्हता; त्यांनी नाव बदलायला लावले, दुसऱ्या दिग्दर्शकाकडून त्याचे संकलन नव्याने करून घेतले, आणि पुढे 1973 साली पाराजानोव्हना अटक होऊन काही वर्षे तुरुंगवास भोगावा लागला. म्हणून माझे म्हणणे असे की ओळखीचा धागा दारापर्यंत न्यायला चांगला आहे, पण आत गेल्यावर आपले डाळिंब तेथे सापडलेच पाहिजे असा हट्ट धरू नये. ग्रंथपालांच्या वहीत प्रत्येक चार नावांमागे एक नाव तरी असे असावे की ज्याचा आपल्याशी काडीचा संबंध नाही.

अशोक चौक

मी तेलुगू घरातला. आमच्या भागात निम्मे बोलणे तेलुगूत आणि निम्मे मराठीत चालते. आईंच्या प्रश्नाकडे कोणी फारसे वळलेले नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचे खेडे आहे. तेथे 1949 साली सुरू झालेली ‘नीनासम’ ही संस्था नाटकासाठी प्रसिद्ध आहे. तिचे संस्थापक के. व्ही. सुब्बण्णा, ज्यांना 1991 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते स्वतः सुपारीच्या बागा असलेले गृहस्थ होते. त्यांनी गावात चित्रपट मंडळ काढले आणि इंग्रजी अक्षरही न ओळखणाऱ्या गावकऱ्यांना जगातले चित्रपट दाखवले. खेळाआधी कन्नडमध्ये गोष्ट आणि संदर्भ समजावून सांगायचे, मग चित्रपट लावायचा. गोष्ट आधी सांगितल्याने मजा जाईल अशी भीती आपल्याला वाटते. पण रामाची गोष्ट माहीत असणारा माणूसच दशावतार रात्रभर पाहतो ना?

माझी आजी विड्या वळत असे. सुपात पाने आणि तंबाखू घेऊन ती बसायची आणि मी शेजारी बसून तिला उस्मान सेंबेन यांचा ‘मंदाबी’ तेलुगूत सांगायचो. सेंबेन हे सेनेगलचे. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात हमाली केलेले, आधी कादंबरीकार. आपले लोक पुस्तके वाचू शकत नाहीत हे जाणवल्यावर ते चित्रपटाकडे वळले, आणि 1968 सालचा हा चित्रपट तर त्यांनी फ्रेंचबरोबर लोकांच्या वोलोफ भाषेत केला. त्यात इब्राहिमा नावाच्या बेकार गृहस्थाला पॅरिसहून पुतण्या 25,000 फ्रँकची मनिऑर्डर पाठवतो. पोस्टात गेल्यावर ओळखपत्र मागतात. ओळखपत्रासाठी जन्मदाखला हवा, फोटो हवा, मुद्रांकाचे तिकीट हवे. आणि पैसे आल्याची बातमी गल्लीत पसरल्यामुळे उधार मागणारे दारात उभे. आजीला सुरुवातीची दहा मिनिटे सोडता मला काहीच सांगावे लागले नाही. कार्यालयाच्या खिडकीतला माणूस तोंड उघडायच्या आतच ती म्हणायची, “उद्या या म्हणणार बघ.” तिच्या विडी कामगाराच्या कार्डावर जन्मवर्ष एक आणि रेशनकार्डावर दुसरे होते, त्या दुरुस्तीसाठी तिने जे हेलपाटे घातले ते मी लहानपणी पाहिले आहेत.

आणखी एक सुचवतो. अनोळखी चित्रपट फक्त सातासमुद्रापारच असतात असे नाही. आमच्या भागात तेलुगू नटांचे चित्रपट पहिल्या दिवशी गर्दी खेचतात, पण मृणाल सेन या बंगाली दिग्दर्शकाने प्रेमचंदांच्या ‘कफन’ कथेवरून 1977 साली ‘ओका ऊरी कथा’ हा तेलुगू चित्रपट केला, हे मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या एकालाही माहीत नव्हते. त्याच वर्षीचा गिरीश कासरवल्लींचा कन्नड ‘घटश्राद्ध’ही तसाच. सोलापुरात ज्याच्या शेजारी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे घर नाही असा माणूस विरळा. सबटायटलपेक्षा शेजारी बरा.

निवृत्त ग्रंथपाल

डाळिंबवाल्यांचा आक्षेप मान्य आहे. वहीत तसा रकाना केला आहे. शेजारच्या घराचा विषय निघालाच आहे तर एक भर घालतो. आपल्या शहरात जन्मलेले आणि चीनमध्ये युद्धकाळात रुग्णसेवा केलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर व्ही. शांताराम यांनी 1946 साली काढलेला चित्रपट सर्वांना ठाऊक आहे. परंतु चीनमध्येही 1982 साली त्यांच्यावर एक चित्रपट निघाला. तेथे ते ‘के दिहुआ’ या नावाने ओळखले जातात. सोलापूरच्या माणसाविषयीचा चित्रपट सोलापूरकराने पाहिलेला नसावा, यात माझाही समावेश होतो.

जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. गुरुवारी पहाटे पाणी आले, पिंपे आणि हंडे भरून झाले, आणि त्याच रात्री ‘नेकेड आयलंड’ लावला. आईला एवढेच सांगितले की या बेटावर पाणी नाही. ती सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. होडीतून बादल्या उतरवून ती बाई कावड खांद्यावर घेते आणि पाय रोवत चढ चढू लागते, तेव्हा कावडीची काठी दर पावलाला लवते. आईचे शेंगा फोडणे थांबले. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मुळाशी घालतात बघ, एक थेंब बाहेर नाही.” पुढे त्या बाईचा पाय घसरतो, एक बादली लवंडते आणि नवरा काही न बोलता तिच्या तोंडात मारतो. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मारायला नको होतं. पण किती लांबून आणलं होतं पाणी.” हे ती नेमके कोणाच्या बाजूने म्हणाली ते मला अजून ठरवता आलेले नाही. शेवटपर्यंत ती उठली नाही.

आता डाळिंबवाल्यांना विचारायचे आहे की पाराजानोव्हच्या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या दिसतात, त्यांपैकी कोणती पाहावी? आणि आईला कवीची गोष्ट आधी सांगून ठेवावी का?

डाळिंबवाला, सांगोला

आर्मेनियात प्रदर्शित झालेली आवृत्ती पाहा. 2014 साली जीर्णोद्धार झालेली प्रत तिचीच आहे आणि रंग त्यातच खरे दिसतात. दुसरी युत्केविच या सोव्हिएत दिग्दर्शकाने संकलित केलेली आहे, ती नंतर कुतूहल म्हणून पाहता येईल. गोष्ट मात्र आधी सांगू नका. अशोक चौकवाल्यांची पद्धत ‘मंदाबी’ला चालते, येथे चालणार नाही, आईंना नुसती ती लोकर आणि ती पुस्तके पाहू द्या, आणि त्या काय म्हणाल्या ते येथे जरूर लिहा.